मुरलेल्या लाकडाचे कर्णे

आयुष्यभर मी लोकांची दारं-खिडक्या केली. म्हातारपणी हात शिवशिवायला लागले, म्हणून म्हटलं, गाणी ऐकायला ग्रामोफोनसारखा एक लाकडी कर्णा करून बघू. एकच. (दुसरा केला, कारण पहिला एकटा बरा दिसेना.) दोघांची तोंडं इतकी मोठी झाली, की बैठकीच्या खोलीत एक तर कर्णे मावतील, नाही तर पाहुणे.

आमच्या जावईबापूंनाही गाण्यांचा भारी नाद. पण त्यांचा पक्ष पेटीतल्या स्पीकरचा.

"बाबा, काम देखणं झालंय. पण कर्णा गात नाही, ओरडतो."

"अहो, गाणारी बाई जणू समोर येऊन गाते त्यातनं."

"समोर येऊन ओरडते!"

ही आतून हात पुसत आली. "जावईबापू, रविवारी तुमच्या मित्रांना आणा. त्यांनी ठरवायचं. कर्णे हरले तर माळ्यावर, आणि माझी खोली मला परत."

मी मान डोलावली. (दुसरं काही करायची मला सवय नाही.)

रविवारी सगळे जमले. पेट्या आणि कर्णे चादरीआड ठेवले. जावईबापूंनी एकच गाणं आधी एकातून लावलं, मग दुसऱ्यातून. मित्रांमध्ये एक दातांचे डॉक्टर होते, सगळ्यांत चोखंदळ. ते डोळे मिटून म्हणाले, "दुसरा! काय गोडवा आहे!" बाकीच्यांनीही माना हलवल्या.

चादर काढली. दुसरे म्हणजे माझे कर्णे!

जावईबापू बघतच राहिले. "बाबा, ओरडणं गेलं कुठे?"

"लाकूड मुरलं," मी सावकाश म्हणालो. छाती अशी फुगली होती, की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटली.

डॉक्टरांनी मात्र सवयीने कर्ण्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. मोबाइलचा उजेड टाकला. "घशात काहीतरी आहे," म्हणाले, आणि खांद्यापर्यंत हात घालून हिची विरळ विणीची शाल बाहेर ओढली. दुसऱ्यातून दुसरी निघाली.

सगळे हिच्याकडे बघायला लागले.

"काय करू? ओरडतच होते ते," ही म्हणाली.

"अगं, मी हरलो असतो तर खोली तुला मिळाली असती!"

"मिळाली असती. पण तोंड पाडून तुम्ही त्याच खोलीत बसला असता ना?"

मंडळी हिच्याभोवती जमली. लोकर कुठली, वीण कशी, विचारू लागली. डॉक्टरांनी तर शालींची जोडीच विणायला सांगितली. चहा मी केला. चहा गाळताना मला माझ्या कर्ण्यांपेक्षा हिचाच जास्त अभिमान वाटत होता.

मग थंडी पडली. हिने शाली काढून घेतल्या आणि कर्णे पुन्हा बोंबलायला लागले.

"अगं, त्यांच्यासाठी काहीतरी दे."

हिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "स्वेटर काढा. मफलरही."

आता काय गोड गातात दोघं! येणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानाने सांगतो, "लाकूड मुरलंय." (दात वाजत असतात, त्यामुळे दोनदा सांगावं लागतं.)