बाळारामकाकांचा तापलेला स्टार्टर

माणसं घर बघताना पाणी बघतात, शेजार बघतात. बाळारामकाका उतार बघतात. खालापूरच्या एका लग्नाची पत्रिका हातात पडली, तर मुलगी कुणाची हेसुद्धा न विचारता त्यांनी विचारलं, "मांडवापाशी उतार हाय का?" नव्हता. मग काकांनी गाडी पार लांब टेकाडावर नेली, तोंड खाली करून उभी केली, चाकाला दगड लावला आणि आहेराचं पातेलं काखेत मारून भर उन्हात चालत निघाले. पोचले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. जेवण मिळालं म्हणे.

सगळा घोळ त्या गाडीचा. गाडी जुनी आहे, पण दुखणं म्हातारपणाचं नाही. काकांचा मुलगा प्रशांत इथे होता तेव्हा त्याने हौसेने इंजिनाला धूर बाहेर टाकणारे नवे, बाजारातले पाइप बसवून घेतले. हेडर म्हणतात त्यांना. त्याने गाडी पळते म्हणे. पळते की नाही देव जाणे, ओरडते मात्र अशी, की काका दहिवलीहून निघाले की आम्ही इकडे कोंडाण्यात चहाचं आधण ठेवावं. पुढे प्रशांत नोकरीला बेंगळुरूला गेला आणि पाइप मागे राहिले. ते गेलेत नेमके स्टार्टरला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, खेटून. गाडी चालून आली की स्टार्टर असा भाजून निघतो, की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. चावी फिरवली की नुसतं 'टक'. मग एकतर तो निवेपर्यंत बसून राहायचं, नाहीतर गाडी उतारावरून सोडून गिअर टाकायचा.

कर्जतच्या मेकॅनिकने सांगून पाहिलं, की काका, जुना पाइप परत बसवा, कटकट मिटेल. काका म्हणाले, "पोरानं हौसेनं बसवलाय. दिवाळीला आला आन् बघितलान तर काय म्हनंल?" जुना पाइप त्यांच्या पडवीत लटकतोय. त्याला छत्र्या अडकवतात.

सल्ले द्यायला तर काय, अख्खा तालुका तयार. कुणी सांगितलं पाणी मारा. काकांनी तांब्याभर ओतलं, तर चुर्र करून अशी वाफ आली की काका चार पावलं मागे. "बायलरवर आसा पानी टाकला असता तर सायबानं मला टाकला असता," म्हणाले. आमच्या सासूबाईंनी ओल्या फडक्याची घडी करून आणली. "ताप आलाय ना? मग कपाळावर ठेव." काकांनी खरंच ठेवली. अंगणभर जळक्या चिंधीचा वास सुटला.

आणि हा माणूस जन्मभर खोपोलीच्या कागद कारखान्यात बॉयलरवर होता, माझ्या सासऱ्यांच्या जोडीला. वाफेच्या पाइपांना लॅगिंगची पट्टी गुंडाळायची, उष्णता बाहेर पडू द्यायची नाही, हेच त्यांचं काम. सासरे गेले, वर्षादोन वर्षांनी काकूही गेल्या, पण काकांचं आमच्याकडे येणं चालूच राहिलं. "तापलंय ते निवतं," हे त्यांचं पेटंट वाक्य. भाऊभाऊ बांधावरून भांडले, "निवू दे, मंग बोलू." निवडणुकीचा दंगा झाला, "निवंल." चहासुद्धा बशीत ओतून इतका निववतात की शेवटी मीच म्हणते, काका, आता सरबत झालं.

पूर्वी ते आमच्याकडे आले की गाडी वरच्या रस्त्यावर उतारालाच लावायचे. गेल्या गणपतीनंतर मात्र थेट खाली अंगणात, सपाटीला आणायला लागले. बंद केली की स्वतःच कपाळाला हात लावायचे. "तापला गं सूनबाय. आता बसावं लागनार." मग चहा, मग दुसरा चहा, कारखान्यातल्या त्याच त्या गोष्टी. मी मनात म्हणायची, म्हाताऱ्याची अक्कल चालली. उतार सोडून सपाटीला लावतंय कोण?

उन्हाळा सरत आला होता. काका नुकतेच आले होते, गाडी अंगणात, बॉनेटवरून हवा थरथरत होती. "तापला," त्यांनी जाहीर केलं आणि ओट्यावर टेकले. तेवढ्यात मागच्या दारी सासूबाई ओरडल्या. सरपण काढताना विंचवाने बोटाला डंख मारला होता. बघता बघता त्यांना दरदरून घाम सुटला, हात गार पडले. आमच्याकडे विंचू म्हणजे थट्टा नाही. उशीर झाला तर माणूस हातचं जातं. आमचे हे कामावर, गावात दुसरी गाडी नाही, आणि समोर उभी ती तापलेली!

काका "निवू दे" म्हणाले नाहीत. त्यांनी सासूबाईंना उचलून मागच्या सीटवर ठेवलं, मला आत ढकललं, चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

मला तेव्हा काही सुचत नव्हतं. मी सासूबाईंचा हात चोळत होते. दवाखान्यात इंजेक्शन झालं, सलाइन लागलं, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "गाडी लागलीच चालू झाली गं?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"काका?" मी म्हटलं.

"गनपतीतच नीट केलाय तो," ते हळूच म्हणाले. "पायपाला लॅगिंगची पट्टी गुंडाळली. पाइप आन् स्टार्टरच्या मधी पत्रा लावला, हवेला जागा ठेवून. आता तापत नाय."

"मग रोज अंगणात येऊन 'तापला, तापला' काय?"

काकांनी खिशातली चावी काढून बोटांत फिरवली. "सूनबाय, गाडी चालू असली ना, की मान्सं म्हनतात, 'बरंय, या.' बंद पडली, की म्हनतात, 'बसा.'"

खरं तर मला राग यायला हवा होता. किती साखर, किती दूध गेलं त्या स्टार्टरपायी! पण मला रडूच आलं, आणि ते विंचवामुळे नव्हतं.

सासूबाई घरी आल्या. काका मात्र येईनात. वरच्या रस्त्याने गाडीचा आवाज यायचा, आमच्या घरापाशी जरा कमी व्हायचा आणि पुढे निघून जायचा. सासूबाई ओट्यावर बसून ऐकायच्या. एक दिवस मी चहाचं आधण टाकलं आणि रस्त्यात जाऊन उभीच राहिले. काकांनी गाडी थांबवली, सवयीने उतारावर, तोंड खाली करून. इंजिन चालूच.

"बरी हायत ना वयनी? इचारायला आलेलो. निघतो."

खालून सासूबाईंचा आवाज आला, "बाळाराम, खाली आन रं ती गाडी. सपाटीला लाव."

"थंड हाय वयनी आता ती."

"आसंल. मी कुटं इचारलं?"

काकांनी गाडी अंगणात आणली. बंद केली. कपाळाला हात लावला नाही. चावी काढून सासूबाईंच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवली आणि ओट्यावर बसले. मी चहा आणून दिला, तर त्यांनी तो बशीत ओतला आणि निववत राहिले.