मोउरुनेन अजून आले नाहीत

याल्मारीच्या उमेदवारीचा महिना त्या शुक्रवारी संपत होता आणि त्याने अजून ॲपमध्ये एक ओळही घातली नव्हती.

ताम्पेरे शहरातली ती लहानशी कंपनी सोसायट्यांसाठी ॲप बनवायची. तळघरातली साउना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, एक आणि बिऱ्हाडं ढीगभर, तेव्हा कोणी कोणत्या तासाला बसायचं ते ॲपवर ठरायचं. आज याल्मारीचं काहीतरी काम मंजूर होऊन चढलं तर नोकरी पक्की, नाही तर रामराम. पण त्याआधी सगळा पसारा त्याच्या संगणकावर चालू व्हायला हवा ना! सूचनांच्या पानावर लिहिलं होतं, ‘सर्व्हरचा पत्ता जोडा.’ खाली पत्ते दोन.

तो टीमच्या प्रमुखाकडे, उंतोकडे गेला. उंतो सावोकडचा. तिकडची माणसं हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

“उंतो, यातला चाचणीचा कुठला आणि लोक वापरतात तो खरा कुठला?”

“चाचणीचा म्हणशील, तर... पहिला असावा.”

“म्हणजे पहिला जोडू?”

“जोडणारे जोडतात. दुसरा जोडणारेही पाहिलेत मी.”

“अरे, पण बरोबर कुठला?”

“जोडलास की कळेलच,” असं म्हणून उंतो कॉफी आणायला गेला.

याल्मारीने पहिला जोडला. एका दमात बरेच तास राखून ठेवायचं बटण त्याने बनवलं होतं. ते दाबून बघायला कुणाचं तरी नाव हवं, म्हणून त्याने घरच्या बोक्याचं टाकलं: विल्यो मोउरुनेन. यादीतली पहिली सोसायटी निवडली आणि आजची अख्खी संध्याकाळ राखून टाकली. बटण झकास चाललं. महिन्याभरात तो पहिल्यांदाच खूश झाला.

तेवढ्यात समोरच्या टेबलावरच्या मिनेयाचा फोन वाजला.

“हे काय! माझी सहाची साउना गेली? आमच्या सोसायटीत हा मोउरुनेन कोण उपटला?”

“तो... माझा बोका आहे,” याल्मारी म्हणाला.

तो नोंद पुसायला धावला, तर पुसायचं बटणच सापडेना. ते मिनेयाच्या वाट्याचं काम होतं आणि ती ते पुढच्या आठवड्यात करणार होती.

“उंतो, आता मी काय करू?”

“काही करण्यात गैर नाही,” उंतो म्हणाला. “न करण्यातही फारसं नाही.”

शेवटी मिनेयाने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. सोसायटी पलीकडच्याच गल्लीत होती. तळघरात टॉवेल घेऊन रहिवासी भिंतीला लागून उभे होते. दोघांमध्ये हातभर अंतर. साउना चांगली तापलेली आणि आत चिटपाखरू नाही.

“रौतिओआजी, आत का जात नाही?” मिनेयाने विचारलं.

“कशी जाऊ?” आजी दचकल्याच. “दर शुक्रवारची चारची वेळ माझी, पण आज ती मोउरुनेनसाहेबांनी घेतलीय. ते अजून आले नाहीत.”

“ते येणार नाहीत, आजी. तो बोका आहे,” याल्मारी म्हणाला.

आजींनी विचार केला. “असेल. पण वेळ त्याची आहे.”

रांगेत माना हलल्या. याल्मारीला हसावं की रडावं कळेना.

“मी... मी त्यांच्याच घरचा,” तो ओरडला. “त्यांनी निरोप दिलाय, ज्याने त्याने आपापल्या वेळी जा!”

“असं आधी सांगायचं, बाबा,” आजी म्हणाल्या आणि आत गेल्या. जाताना वळून म्हणाल्या, “साहेबांना आभार सांग.”

ऑफिसात परतेपर्यंत उंतोने त्याचं ते बटण काढून टाकलं होतं. आता दाखवायला याल्मारीकडे काहीच उरलं नव्हतं. जड मनाने त्याने सूचनांच्या पानावर एक ओळ लिहिली, ‘पहिला पत्ता खरा आहे, त्याला हात लावू नका,’ आणि मंजुरीला पाठवली. उंतोने कोट घालता घालता ती वाचली. परत वाचली. ती पानावर चढवली.

“अगदीच वाईट नाही,” तो म्हणाला आणि निघून गेला.

याल्मारी दाराकडे बघतच राहिला. “मिनेया, म्हणजे मी राहिलो की गेलो?”

“मला काय माहीत! बायकोने लग्नाचं विचारलं तेव्हा तिलाही तो एवढंच म्हणाला होता.”

“मग?”

“मग काय? चार मुलं आहेत.”

याल्मारीने हळूच आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.