माझगावचा महादरवाजा

एझरा वाकरुळकर पनवेलच्या एका भातगिरणीत हेडकारकून होता, आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नसेल अशी शंका त्याला जन्मात कधी आली नव्हती. (बायकोला, हॅनाला, यायची; पण ती बोलून दाखवत नसे.) त्यामुळे धाकट्या बहिणीला, सॅलीला, ठाण्याच्या स्थळाला कुठे दाखवायची, हा प्रश्न त्याने चहाचा कप संपायच्या आत निकालात काढला.

"घरी दाखवायची नाही," तो म्हणाला. "घरी दाखवली की लोक भिंतीचे पोपडे बघतात. किल्ल्यावर दाखवली की समुद्र बघतात."

"कुठल्या किल्ल्यावर?" हॅनाने विचारलं.

"माझगावच्या. मोरा बंदरातून लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. जवळच टेकडी आहे. वर किल्ला, किल्ल्यात बाग."

"तुम्ही पाहिलाय?"

"हॅना, किल्ला म्हणजे किल्ला. त्यात पाहायचं काय?"

लगेच त्याने ठाण्याला पोस्टकार्ड टाकलं. शनिवारी शब्बाथ, म्हणजे धर्माने विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवार. 'दुपारी ठीक बारा वाजता किल्ल्याच्या महादरवाज्यात भेटू.' महादरवाजा हा शब्द लिहून झाल्यावर त्याने तो दोनदा वाचला. त्याला तो फारच आवडला.

सॅली चोवीस वर्षांची होती आणि मुलींच्या शाळेत शिकवत होती. याआधी दोन स्थळं आली, चहा प्यायली आणि परत गेली. दोन्ही वेळा एझराने मुलाला भात कसा भरडतात हे तासभर समजावून सांगितलं होतं. मुलीला काय विचारायचं ते मुलगा तोवर विसरून जायचा. तिसऱ्यांदा तसं होऊ नये, एवढीच सॅलीची इच्छा होती.

रविवारी एस.टी., मग लाँच, मग टेकडीच्या पायऱ्या असं करत तिघंजण वर पोहोचली. एझरा पुढे, हॅना चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन मध्ये आणि सॅली शेवटी. वर छान हिरवळ होती, फुलांचे वाफे होते, बाकं होती. खाली गोदीतल्या क्रेन आणि पलीकडे उन्हात चमकणारा समुद्र. फक्त किल्ला नव्हता. बुरूज नाही, तट नाही, काही नाही.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

"किल्ला कुठे आहे हो?" एझराने विचारलं.

"तुम्ही किल्ल्यावरच उभे आहात."

"मग तटबंदी?"

"केव्हाच गेली. आता नुसतं नाव उरलंय."

"ते ठीक. पण महादरवाजा?"

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. "अहो, किल्लाच नाही, तर दरवाजा कशाला लावतील?"

दुसरा कोणी असता तर वरमला असता. एझरा हॅनाला हळूच म्हणाला, "बाहेरगावचे दिसतात."

"आपण पायऱ्यांपाशीच थांबू या," हॅना म्हणाली. "कोणीही आलं तरी इथूनच येणार."

"आणि ते बिचारे तिकडे दरवाज्यात ताटकळत बसणार. तुम्ही बसा. मी घेऊन येतो."

बागेच्या पार टोकाला त्याला लोखंडी कुंपण दिसलं. कुंपणाआड गवताळ उंचवटा, उंचवट्यात एक बुटकं लोखंडी दार, आणि पाटी : 'आत जाण्यास सक्त मनाई'. एझराचा चेहरा उजळला. मनाई आहे म्हणजे आत महत्त्वाचं काहीतरी आहे, आणि किल्ल्यात दरवाज्याहून महत्त्वाचं काय असणार?

कुंपणावरून पहिला पाय सुखरूप गेला. दुसऱ्या पायाच्या वेळी पाटलोण अडकली. थोडा वेळ एझरा समुद्राकडे तोंड करून तसाच लोंबकळत राहिला. मग कापडाने माघार घेतली आणि तो आत पडला. उठून त्याने दार ठोठावलं. आतून पाण्याचा आवाज आला. दाराला जाळी होती, तिला तोंड लावून तो ओरडला, "ठाण्याची मंडळी आहेत का? मी एझरा. घाबरू नका."

"आत कोन हाय?" मागून आवाज आला. उरणकडचा तुळशीराम वॉचमन काठी घेऊन उभा होता.

"पाहुणे आहेत."

"टाकीत?"

"कसली टाकी?"

"पिन्याच्या पान्याची. तुमी इथं काय करताव?"

"मी मुलगी दाखवायला आलोय."

"टाकीला?"

एझराने त्याला सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं. ते ऐकल्यावर तुळशीरामने त्याला दंडाला धरून चौकीत नेलं.

"जबाबदार मानसाची वहीत सही पायजे. त्याबिगर सोडनार नाय."

"जबाबदार माणूस मीच. हेडकारकून आहे मी."

तुळशीरामने पाटलोणीकडे पाहिलं आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

इकडे काय झालं ते एझराला नंतर कळलं. ठाण्याचा मुलगा सॉल आणि त्याची आई बाराच्या ठोक्याला आली. दरवाजा दिसेना, तेव्हा शहाणी माणसं करतात तेच त्यांनी केलं. पायऱ्यांच्या माथ्यावर थांबली. तिथे हॅना आणि सॅली होत्याच. डबा उघडला. सॉल आणि सॅली तासभर बोलत बसली, आणि तासभर मध्ये कोणीच बोललं नाही. सॉल दोनदा मोठ्याने हसला. तेवढ्यात तुळशीराम आला.

"पनवेलचे वाकरुळकर कोनाचे?"

हॅनाने डोळे मिटून घेतले. सॉल उठून उभा राहिला. "मी येतो," तो म्हणाला.

सगळी मंडळी चौकीत आली तेव्हा एझरा स्टुलावरून उठला. डावा हात त्याने पाठीमागे पाटलोणीवर दाबून धरला आणि उजवा सॉलपुढे केला.

"वेळेवर आलात," तो म्हणाला. "महादरवाजा सध्या बंद आहे."

सॉलने वही पुढे ओढली. नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग त्याचा हात थांबला.

"इथे 'नाते' असा रकाना आहे," तो म्हणाला. "काय लिहू?"

एझराने तोंड उघडलं. हॅनाने त्याच्या पायावर पाय दिला. सॉलची नजर वहीवर नव्हती, सॅलीवर होती. सॅलीने भावाकडे पाहिलं, मग खिडकीतून बराच वेळ बोटींकडे पाहिलं.

"मेहुणा लिहा," ती म्हणाली.

सॉलच्या आईने पदराने डोळे टिपले. सगळं आपल्या बेताबरहुकूम पार पडलं, असं वाटून एझराने छाती पुढे काढली.

तुळशीरामने बोट ठेवून ती ओळ वाचली. मग त्याने सॉलला बाजूला घेतलं आणि त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "मेवना हाय म्हनून सोडतो, साहेब. पन लगीन ठरवताना तुमी पोरीचा भाऊ बगितला नव्हता काय?"

"आत्ताच बघितला," सॉल म्हणाला.