तात्या मुजुमदारांचं कॉफीयुद्ध

तात्या मुजुमदार कॉफीच्या दुकानात शिरले की आधी खुर्ची मोजतात. खिशातून शिंप्याची टेप काढायची, तिचं एक टोक बुटाखाली दाबायचं, दुसरं बैठकीला लावायचं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा, “चौदा इंच! गए काम से!” कॉफी काय प्यायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

तात्या उज्जैनच्या फ्रीगंजमधले आमचे शेजारी. वीज खात्यातून निवृत्त झालेले. पूर्वज कधीकाळी दरबारच्या चाकरीत माळव्यात आले, त्यामुळे साधी भाजी आणायला निघाले तरी तात्या ‘मोहिमेवर’ निघतात. खुल्या बाजाराचे दिवस आले, टीव्हीवर चाळीस चॅनल दिसू लागले, गल्लीगल्लीत इंटरनेटची दुकानं निघाली, आणि इंदूरला काचेच्या दाराची दोन कॉफीची दुकानं उघडली. एकाची पाटी निळी, दुसऱ्याची पिवळी. देशभर शाखा असलेल्या दोन कंपन्या. त्या दिवसापासून तात्यांना दुसरं काही सुचेना.

“भिया, आगे का सोचो,” ते मला म्हणायचे. मी बँकेत कारकून, पुढचा विचार पहिल्या तारखेपलीकडे जात नसे. “अरे, दहा वर्षांत आपल्या फ्रीगंजच्या घड्याळाच्या टॉवरजवळ तीन-तीन दुकानं आमनेसामने भिडतील. आणि जिंकणार कोण, सांगू? ज्याची खुर्ची उंच तो. कॉफी सगळ्यांची सारखीच असते रे.”

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर हे व्याख्यान रंगायचं. पोह्यांची प्लेट म्हणजे निळे, जिलबीची म्हणजे पिवळे, आणि मधे शेवेची वाटी म्हणजे आपलं उज्जैन. ठेलेवाला हसायचा. “तात्याजी, यहाँ के लोग चाय नहीं छोड़ने वाले.”

“तू तो गया समझ,” तात्या त्याला बजावायचे आणि बोलता बोलता उज्जैन खाऊन टाकायचे.

दर रविवारी ते नानाखेड्याच्या स्टँडवरून बस पकडून इंदूरला शत्रूची पाहणी करायला जात. एकदा मलाही ओढून नेलं. पिवळ्यांच्या दुकानात तात्यांनी सोफा मोजला, तोही चौदा इंचच भरला, दाराची रुंदी मोजली, बाहेरच्या पायऱ्या दोनदा चढून-उतरून पाहिल्या आणि काउंटरवरच्या पोराला दरडावून विचारलं, “ये सोफा पास किसने किया?” पोरगा चपापला. नगर निगमचा साहेब समजून त्याने दोन कॉफ्या फुकट पुढे केल्या.

“रिश्वत?” तात्या कडाडले. मी शरमेने टेबलाखाली शिरायचा बाकी होतो. शेवटी पैसे देऊनच कॉफी प्यायलो. परतताना बसमध्ये तात्या म्हणाले, “पाहिलंस? दोघं जण समोरासमोर बसले होते. तासभर. कोणी उठवलं नाही त्यांना.” मला वाटलं, हाही पाहणीचाच मुद्दा असणार.

पण उज्जैनला कोणी येईना. मग तात्यांनी ठरवलं की स्पर्धा आपोआप होत नसते, ती लावून द्यावी लागते. त्यांनी निळ्यांच्या मोठ्या ऑफिसला पत्र लिहिलं: पिवळे फ्रीगंजमध्ये उतरत आहेत, त्वरा करावी. पिवळ्यांना लिहिलं: निळ्यांनी जागा पाहिली, आपण झोपलात काय? इंग्रजी माझं, कावा त्यांचा. उत्तर आलं नाही की पुढच्या पत्रात धमकी वाढायची. निळ्यांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी ठोकून दिलं की टॉवरजवळच्या तळमजल्याच्या एकूण एक जागा पिवळ्यांनी अडवल्या आहेत.

आणि काय सांगू, वर्षभराने टॉवरजवळ खरोखरच निळी पाटी लागली! तात्यांनी गल्लीत पेढे वाटले. उद्घाटनाच्या सकाळी नवा सदरा घालून मला घेऊन निघाले. पाटीखाली पोचले आणि जागच्या जागी थांबले. खाली कापडाचं दुकान होतं. कॉफीचं दुकान पहिल्या मजल्यावर. मधे अरुंद, उभा जिना, बावीस पायऱ्यांचा.

वर मॅनेजर म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती, देवासची. तात्यांनी धापा टाकत विचारलं, “नीचे क्यों नहीं लिया?”

“अंकल, हेड ऑफिस को पक्की खबर थी कि नीचे की सारी जगह पीले बोर्ड वालों ने ले ली है.”

मी तात्यांकडे पाहिलं नाही. ते काही न पिता खाली उतरले. टेप खिशातून बाहेरसुद्धा निघाली नव्हती.

चार दिवस ते ठेल्यावर दिसले नाहीत, तेव्हा मी घरी गेलो. आतल्या खोलीत तात्यांच्या पत्नी सुमनकाकू पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. गेली दोन वर्षं त्यांना जिना चढवत नाही, खाली बसलं तर उठवत नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मलाही होतं. पण त्या चौदा इंची सोफ्याचा आणि या गुडघ्यांचा संबंध माझ्या मठ्ठ डोक्यात तेव्हा शिरला.

तात्या हळू आवाजात म्हणाले, “लग्न झालं तेव्हा घरात वीस माणसं. कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी. ही करायची, मी बाहेर नेऊन द्यायचो. पाहुण्यांबरोबर मीही प्यायचो. ही दाराआड उभी. उरली तर उभ्यानेच प्यायची. चाळीस वर्षांत आम्ही दोघं समोरासमोर बसून एक कप कॉफी प्यालो नाही रे. घरी बसवलं तर ही दर दोन मिनिटांनी उठते. म्हटलं, बाहेर नेऊ. इंदूरची बस हिला झेपत नाही. म्हणून दुकानच इकडे आणायचं होतं. आणलं, आणि वर टांगून ठेवलं मीच.”

मी तसाच उठलो आणि त्या मॅनेजर मुलीला जाऊन सगळं सांगितलं, पत्रांसकट. ती आधी पोट धरून हसली, मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली पाहून आली. “कंपनी को पता चला तो मेरी नौकरी जाएगी,” म्हणाली, आणि स्वतःच एक टेबल उचलून खाली आणायला लागली.

जिन्याखाली, स्कूटरींच्या शेजारी टेबल मांडलं. कापडवाल्याने आपली उंच खुर्ची दिली. सुमनकाकू रिक्षातून उतरल्या, जरीकाठी नेसून, आणि तात्यांचा हात धरून बसल्या. समोर तात्या. फेसाळ कॉफीचे दोन कप आले.

काकू कपाला हात लावीनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, कापडवाल्याकडे पाहिलं. “अहो, या मंडळींना दिलीत का आधी?”

“सुमन,” तात्या म्हणाले. आमच्यासमोर त्यांनी काकूंना नावाने हाक मारल्याचं मी प्रथमच ऐकलं. “आज पाहुणी तू आहेस.”

काकू लाजल्या. पदर सावरून त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. “कडू आहे हो. साखर हवी.” आणि सवयीने खुर्चीचे हात धरून उठू लागल्या.

“बस तू,” तात्या म्हणाले, आणि साखर आणायला स्वतः जिना चढू लागले.