वाफकाकांचे अळणी सूप

बायकोचे डबे संपल्याचे वाफकाकांना मंगळवारी दुपारी कळले, आणि तेही कांदा परतून झाल्यावर.

तिला जाऊन सात महिने झाले होते. दवाखान्यात दाखल होण्याआधीच्या आठवड्यात तिने भाज्या उकळल्या, गाळल्या आणि ते अळणी पाणी स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये रचून ठेवले. "मी येईपर्यंत पुरतील," असे म्हणून गेली. ती आली नाही. डबे मात्र पुरले, कारण वाफकाका हात राखून आठवड्याला एकच काढत. तळाशी अजून तीन आहेत या भरवशावर ते होते. त्यातला एक त्यांनी कांद्यावर उपडा केला, उकळी आणली आणि चाखून पाहिले. नुसते पाणी. डब्याच्या बुडाला बाहेरून तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, 'गुडघा'. उरलेल्या दोन्ही डब्यांवरही तेच. दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायला तिने बर्फ करून ठेवला होता, आणि काका त्याचे सूप करत होते. ते स्टुलावर बसले. हसावे की रडावे हे बराच वेळ ठरेना.

एकतीस वर्षे ते एका कापडगिरणीच्या बॉयलरवर होते, म्हणून गल्लीत सगळे त्यांना वाफकाका म्हणत. बॉयलरचे प्रेशर त्यांनी कधी लाल रेघेच्या वर जाऊ दिले नाही. स्वतःचे मात्र ऐकेना. डॉक्टरांनी मीठ तोडले होते, आणि त्यावर मुलीने अट घातली होती. रविवारी ती मोजणार. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला तर घराला कुलूप, बाबा आपल्याकडे. मुलीचे घर चांगले होते. जावई तर त्याहून चांगला. पण बायको कुठे बसायची, चष्मा कुठे विसरायची, हे काकांना या घरात ठाऊक होते. त्या घरात तिची अशी जागाच नव्हती.

तेव्हा ते उठले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार बाईंनी सुपाच्या तयार पाण्याची तीन तऱ्हेची खोकी पुढ्यात मांडली.

"यात मीठ कमी आहे?" काकांनी विचारले.

"पंचवीस टक्के कमी. लिहिलंय की इथे."

"कशापेक्षा कमी?"

बाईंनी चष्मा चढवला, खोके फिरवून पाहिले. "आधीपेक्षा."

"आधी किती होतं?"

"ते आधीच्या खोक्यावर असेल, काका. ते आता येत नाही."

शेवटी दोघांनी मिळून मागची बारीक अक्षरे वाचली आणि सगळ्यात कमी आकड्याचे खोके निवडले. काकांनी तसली चार घेतली. बाई म्हणाल्या, चव लागली नाही तर मला बोलायचं नाही.

चव लागलीच नाही. भांडी विसळलेले पाणी गरम करून प्यावे तसे ते लागले. काकांनी वाटी खाली ठेवली आणि आठवू लागले, ती काय करायची? त्यांना एवढेच आठवले की पातेले तासन् तास गॅसवर असायचे आणि आपण पेपर वाचत असायचो. म्हणजे गोम वेळात होती. बुधवारी सकाळी त्यांनी चारही खोक्यांतले सगळे पाणी मोठ्या पातेल्यात ओतले, गॅस बारीक केला आणि समोर स्टूल मांडून ड्युटीला बसले. दर अर्ध्या तासाला चव घेऊन जुन्या वहीत नोंद केली. साडेदहा: फिके. साडेअकरा: बरे. दीडला त्यांनी लिहिले, 'जवळपास'. तीन वाजता पातेल्याच्या तळाशी लालसर रस उरला होता. काकांनी चमचा तोंडात घातला आणि तसेच उभे राहिले. हीच ती चव. मिठाची चिमूटही न घालता. वहीत त्यांनी काहीच लिहिले नाही, कारण अक्षर दिसत नव्हते.

पुढचे चार दिवस त्याच रसात भाज्या घालून त्यांनी दोन्ही वेळा वाटीभर सूप घेतले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना जेवणाची वाट पाहावीशी वाटली.

रविवारी मुलगी मशीन घेऊन आली. येताना रिकामी बॅगही आणली होती, ती तिने दाराआड ठेवली. काकांनी ती पाहिली. पट्टा फुगला, सैल झाला. एकशे श्याऐंशी.

मग उलटतपासणी झाली. गोळ्या घेतल्या? घेतल्या. बाहेरचं खाल्लं? नाही. काकांनी अभिमानाने पातेले पुढे केले. मुलीने चमचाभर चाखले आणि डोळे मिटले.

"बाबा, हे खारट आहे."

"अळणी आहे. खोक्यावर लिहिलंय."

"किती खोकी घातलीत?"

"चार."

"आणि झालं किती?"

"झालं असेल एका खोक्याएवढं."

"मग बाकीचं कुठे गेलं?"

"वाफ झाली त्याची," काका म्हणाले, आणि तोंडातून शब्द निघताच त्यांना पुढचे सगळे कळले.

गिरणीत रोज चार वाजता ते बॉयलरच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून गढूळ पाणी सोडून देत. पाणी वाफ होऊन जाते, क्षार कुठे जात नाहीत, आत बसून राहतात. हे त्यांनी एकतीस वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला शिकवले होते. आणि स्वयंपाकघरात समोर स्टूल टाकून पाच तास त्याच क्षारांची राखण केली होती.

"तुझ्या आईच्यासारखं लागत होतं गं," ते म्हणाले.

मुलीने आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक. "लागतंय," ती हळूच म्हणाली. "पण आई मीठ घालत नव्हती."

"मग काय घालायची?"

मुलीलाही माहीत नव्हते. तिने बॅग उघडली आणि काकांचे सदरे घड्या करून भरू लागली. तिसऱ्या सदऱ्यावर काकांनी हात ठेवला.

"एका काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "गिरणीत आम्ही दुसऱ्या ठिकाणी लावून खात्री करायचो. तुझं मशीन बिघडलेलं असेल."

"लावा," म्हणत तिने वैतागून स्वतःचा दंड पुढे केला.

एकशे अडुसष्ट. तिने पाच मिनिटे शांत बसून पुन्हा बटण दाबले. एकशे बहात्तर. चाळिशी उलटली तरी तिने स्वतःचे कधी मोजलेच नव्हते.

"मग तू कुणाकडे राहायला जाणार?" काकांनी विचारले. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

मुलीने सदरे बॅगेतून काढून पलंगावर ठेवले. उद्या दोघांनी डॉक्टरांकडे जायचे ठरले, आणि आजपासून दोघांचेही अळणी. आई सुपात काय घालायची ते विचारायला तिने मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, ताई माझं कधी ऐकायची? तिचं तिलाच माहीत. पण काहीही करा, मीठ मात्र चवीपुरतं घाला.

फोन ठेवून दोघे ओट्यापाशी उभे राहिले. कांदा, गाजर, टोमॅटो चिरून झाले होते. पाण्याला उकळी आली होती. त्यात आधी काय घालायचे, ते अजून ठरायचे होते.