लेम्पीबाईंची गंजलेली चिमणी

घर कसं तपासावं हे लोकांनी विचारावं आणि मी सांगावं! अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावांमध्ये घर घेणारा माणूस आधी मला बोलावतो, मग बँकेला. छपराची गळती मी नुसत्या वासावरून ओळखतो. लाकूड पोखरणाऱ्या मुंग्या मला बघून बिऱ्हाड हलवतात. आणि बोलणं असं स्वच्छ, की माझं ऐकून कोणाचा कधी गैरसमज झाला नाही. म्हणजे, त्या नोव्हेंबरपर्यंत झाला नव्हता.

दिवस असा, की देवानेसुद्धा पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं असावं. सरोवर शिशासारखं, आभाळही तसंच, आणि मधे भुरभुरता बर्फ. अशा दिवशी मी लेम्पी कांगास यांच्या घरी पोचलो. लेम्पीबाईंनी ऐंशी कधीच ओलांडलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गुडघ्यांना थंडी सोसेना म्हणून घर विकून ऍरिझोनाला पुतण्याकडे निघाल्या होत्या. मला दारातूनच त्यांनी आत ओढलं.

"गाडी लांब लावलीत ना? शेजारच्या डोरीनला पत्ता लागता कामा नये!"

"अहो, पण आज ना उद्या कळणारच की."

"मी गेल्यावर कळू दे!"

बोलताना त्यांचा एक हात फोनवर होता. फोनकडे बघायच्या, आणि पुन्हा खिडकीबाहेर. मला वाटलं, घर सुटतंय म्हणून जीव तुटतोय. मी तपासायला लागलो.

बैठकीत एक लोखंडी शेगडी होती. नवरा गेल्यापासून बाईंनी ती पेटवली नव्हती. तिची पत्र्याची चिमणी भिंतीतून बाहेर पडून छपराच्या वर गेलेली. लांबून बघाल तर काळी, चकचकीत, नव्या नवरीसारखी ताठ! मी तळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला. टेकवला म्हणजे नुसता टेकवला हो! तो मुठीपर्यंत आत! पत्रा शिळ्या बिस्किटासारखा चुरला. गंजाने आत काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. उभी होती ती फक्त रंगाच्या आणि सवयीच्या जोरावर.

आमच्या धंद्यात दोष आधी घर घेणाऱ्याला कळवायचा असतो. मी ट्रेव्हर नावाच्या त्या तरुणाला फोन लावला. त्याला नीट ऐकू येईना, म्हणून अंगणात उभा राहून ओरडू लागलो.

"हो हो, आत्ताच तपासली! वरून ठणठणीत दिसते हो, पण सगळा रंगाचा खेळ! आतून पार संपलीय! ...काय? छे! आता उपचार कसले करताय? हा हिवाळा काही काढत नाही ती! ...सांगतो त्यांना, बघून, हळूच. म्हातारं माणूस आहे, धक्का बसेल!"

फोन ठेवला तेव्हा कुंपणापलीकडे पानं गोळा करणारी एक बाई माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले, हातातून खराटा गळालेला.

"तुम्ही लेम्पीचे पुतणे ना?" तिने विचारलं.

घरविक्रीचं गुपित राखायचं होतं. मी मोघम मान हलवली. बस! त्या मान हलवण्याने घात केला!

मी तळघरात उतरलो आणि विजेच्या तारा तपासायला घरचा वीजप्रवाह बंद केला. त्यासरशी घराचा हीटरही थांबला. डोक्यावर पावलं वाजू लागली. आधी दोन, मग बरीच. घर दाखवायला दलालाने माणसं आणली असतील, म्हणून मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने जिना करकरला. लेम्पीबाई हळूहळू खाली आल्या आणि शेवटच्या पायरीवर बसल्या. चेहरा पांढराफटक.

"तुम्हालाही कळलंय ना?" त्या म्हणाल्या. "खरं सांगा. अगदीच गेलंय का?"

चला, आपण होऊन ओळखलं बाईंनी! माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

"बाई, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं टिकली कशी, याचंच मला आश्चर्य वाटतंय."

"काही उपाय?"

"पैसे फुकट जातील. बाहेरून कितीही रंग फासला, तरी आतलं थोडंच लपतं?"

बाईंचा हात नकळत ओठांच्या लालीकडे गेला. मला तेव्हा तरी समजायला हवं होतं! पण मी विजेच्या पेटीत डोकं घालून बसलो होतो.

"त्रास होईल का?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"छे हो! दोन माणसं येतील, उचलतील, घेऊन जातील. अंगणात जरा काजळी सांडेल, तेवढंच."

"बरं," बाई म्हणाल्या. कठडा धरून उठल्या आणि वर गेल्या. इतक्या शांतपणे दोष ऐकून घेणारी घरमालकीण मी पहिल्यांदाच पाहिली.

वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बाईंच्या छातीत गाठ होती. डुलुथ शहरातल्या दवाखान्यात तपासणी झाली होती आणि निकालाचा फोन यायचा होता. हे त्यांनी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. कुंपणापलीकडून माझं बोलणं ऐकणारी बाई म्हणजे डोरीनच, आणि तिची भाची नेमकी त्याच दवाखान्यात कामाला! त्यामुळे डोरीन रडत गळ्यात पडली तेव्हा बाई काय समजायचं ते समजल्या. पाठोपाठ पाद्री हाउगेन आले, चर्चच्या बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात ओव्हनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा ट्रे! आमच्याकडे माणूस मरायला टेकला की आधी ओव्हन तापतो.

मी वर आलो तर बैठकीत मयताला जमावी तशी गर्दी. अंगावर कोट, तोंडातून वाफा. बाई खुर्चीत बसून निरवानिरव करत होत्या.

"डोरीन, हा चिनीमातीचा सेट तुला. आणि मरताना मनात काही ठेवू नये, म्हणून सांगते. तुझा र्‍हूबार्बचा आंबट केक मी जन्मात खाल्ला नाही. सगळे कुत्र्याला घातले."

डोरीनचे हुंदके थांबले.

"कुत्र्यानेही शेवटी शेवटी सोडले."

"लेम्पी!"

"आणि तुझ्या नवऱ्याने आधी मला मागणी घातली होती. मी नाही म्हटलं, म्हणून तुझ्याकडे आला. झालं, आता मोकळी झाले!"

विषय बदलायला पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले, "घर किती गारठलंय! आजारी माणसाला ऊब तरी हवी!" आणि त्यांनी शेगडीतल्या जुन्या लाकडांवर पेटती काडी टाकली.

"अहो, नको!" मी ओरडलो. "ती संपलीय!"

"कळलंय सगळ्यांना!" डोरीन माझ्यावर खेकसली. "तिच्या तोंडावर तरी बोलू नका!"

एवढ्यात शेगडीने धूर ओकला. काळा, दाट, नवऱ्याच्या काळापासून कोंडलेला! बायका खोकत, किंचाळत, ट्रे छातीशी धरून बर्फात पळाल्या. मी बाईंना खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. वर पाहतो तर चिमणी आधी झुकली, मग थोडी थांबली, आणि तळातून मोडून धाडकन पाद्रीबाबांच्या गाडीवर आडवी झाली!

"हीच!" मी बोट दाखवून ओरडलो. "मी हिच्याबद्दल बोलत होतो! मी पुतण्या नाही! मी घर तपासणारा!"

बर्फ ट्रेवर पडत राहिला.

"म्हणजे..." लेम्पीबाईंनी चेहऱ्यावरची काजळी पुसली. "मी मरत नाहीये?"

"तुमचं मला काय माहीत, बाई? मी फक्त घरं बघतो!"

डोरीन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "घर विकतेस? मला न सांगता?" एवढंच म्हणाली. मग हातातला ट्रे तसाच घेऊन आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. लेम्पीबाई त्या बंद दाराकडे बघत बसल्या. दवाखान्याच्या फोनची वाट बघतानाही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून खूप जगाल. आणि ट्रेव्हरने चिमणीचा फोटो पाहून घर नाकारलं! मी अभिनंदन करायला गेलो, तर बाईंनी दार बोटभर उघडलं.

"खूप जगाल म्हणे! आणि ते सगळं तिच्या शेजारी?" त्या म्हणाल्या. मग चिनीमातीची एक बशी माझ्या हातात दिली. "सेट तिचाच आहे. दिलं ते दिलं. तिला म्हणावं, हळूहळू घेऊन जा. रोज एकेक."

मी बशी घेऊन शेजारी गेलो. डोरीनने ती दोन्ही हातांनी धरली. मग नाक ओढून म्हणाली, "तिला सांगा, पुन्हा मरायचं असेल तेव्हा आधी नीट चौकशी करून घे म्हणावं!"

हा निरोप मी अजून पोचवलेला नाही. सध्या फक्त बशा पोचवतो.