एक आईची, एक बापाची

आमच्या गल्लीत कुणी नवं राहायला आलं की लोक त्याचं आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात, नोकरी सरकारी की खाजगी ते विचारतात. आमच्या शेजारचे आप्पा यातलं काहीच विचारत नाहीत. ते त्या माणसाच्या कानाकडे बघतात. कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी लोंबते आहे, हे नीट पाहून झालं की म्हणतात, "आता जीभ वळतीया का बघू?"

बँकेत धारवाडकडचे नवे मॅनेजर आले होते. आप्पा तिथे पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेले. सही करता करता त्यांची नजर मॅनेजरांच्या कानावर गेली. "नालिगी स्वल्प तोरसरी, साहेब," आप्पा म्हणाले. म्हणजे जरा जीभ दाखवा. मॅनेजरांना वाटलं, हे कुणी डॉक्टर असावेत. त्यांनी मुकाट्याने जीभ काढली. आप्पांनी ती दोन्ही कडांनी वर वळवून दाखवायला सांगितली. मग कॅशियरची पाळी आली, मग शिपायाची. दहा मिनिटं सगळी शाखा काउंटरमागे जिभा काढून उभी होती. शेवटी मॅनेजरांनी घाबरून विचारलं, "एन आगैत्री ननग?" मला झालंय तरी काय?

"काय न्हाय," आप्पा म्हणाले. "तुमची वळतीया. आईची न्हायतर वडिलांची वळत असंल. घरला गेल्यावर इचारा."

आप्पा डॉक्टर नाहीत. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. मोपेडला थंड टाकी बांधून ते वस्त्यावस्त्यांवर फिरत आणि गायीम्हशी गाभण करण्याची इंजेक्शनं देत. कुठल्या वळूच्या कालवडी दुधाला चांगल्या, कुठल्या म्हशीची रेडकं पांढऱ्या टिकलीची, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर म्हशी सुटल्या. मग त्यांनी माणसं धरली.

त्यांच्या घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची मुलगी कस्तुरी. त्यांची बायको, सुशीलाआक्का, जाऊन चार वर्षं झाली. कस्तुरीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ब्लाऊज शिवते आणि सगळी गल्ली तिच्याकडेच कपडे टाकते. दिवसभर गल्लीत अखंड बोलणारे आप्पा घरात शिरले की फक्त हातांनी बोलतात. लहानपणापासून शेजारी असल्यामुळे मला त्या हातांच्या बोलण्यातलं निम्मंअधिक कळतं.

आप्पांचं सगळं शास्त्र दोन चिठ्ठ्यांवर उभं आहे. "हे बघ," ते समजावतात, "माणसाजवळ परत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या. एक आईची, एक बापाची. त्यातली कुठली एक पोराला जायाची, हे देणाऱ्याच्या हातात न्हाय. काही चिठ्ठ्या वरडत्यात, काही गप बसत्यात. गप बसलेली मेलेली नसती बरं का! दोन गपवाल्या एकत्र आल्या की मग बोलत्यात." आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "एक आईची, एक बापाची. तक्रार कुणाकडं करायची?"

मी बी.एस्सी. करताना हेच कॉलेजात शिकलो. पुस्तकात नावं भारदस्त होती, पण मला परीक्षेत आठवल्या त्या आप्पांच्या चिठ्ठ्याच. एकदा मी त्यांना भीत भीत सांगितलं की नवी पुस्तकं म्हणतात, जिभेचं आणि कानाच्या पाळीचं इतकं सोपं नसतं, त्यात बऱ्याच चिठ्ठ्या मिसळलेल्या असतात. आप्पांनी थोडा विचार केला. "पुस्तक लिवणाऱ्याची जीभ वळत नसंल," ते म्हणाले.

त्यांच्या शास्त्राने एका घरातली आग विझवली, हे मात्र सगळी गल्ली मान्य करते. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या सुनेला मुलगा झाला, तो घाऱ्या डोळ्यांचा. घरात तर सगळ्यांचे डोळे काळेभोर. गिरणीवाल्या काकू तोंडाने काही बोलत नव्हत्या, पण भांडी जोरात आपटत होत्या. सून रडून रडून अर्धी झाली. आप्पांनी दोन दिवस चौकशा केल्या आणि तिसऱ्या दिवशी सुनेच्या येळ्ळूरच्या आजीला बसने घेऊनच आले. म्हातारीला ओट्यावर बसवलं, तिचा जाड भिंगांचा चष्मा काढला आणि म्हणाले, "बघा."

डोळे घारे होते.

काकूंचा चेहरा खुलला. "म्हंजे त्यांच्याकडनंच आलंय की!"

"एका चिठ्ठीनं भागत न्हाय, काकू. दुसरी तुमच्या घरातनं पायजे. तुमच्या भावाला गावात काय म्हणत्यात?"

काकूंच्या भावाला सगळा गाव मांजऱ्या म्हणून ओळखत होता. त्या दिवसापासून भांडी हळू ठेवली जाऊ लागली.

माझ्यावर आप्पांचे उपकार वेगळेच आहेत. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "पोती उचलणाऱ्याचं पोरगं बीएस्सी? ह्येंच्या रक्तात कुठनं आलं हे?" सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आप्पांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं मी वासरांची शिंगं जाळली," ते म्हणाले. "आईची जाळली, आजीची जाळली. तरी वासरू शिंगंच घिऊन येतंय. माणसावर बाहेरनं जे होतंय ते पोराला जात न्हाय. पोत्यानं बापाच्या पाठीला बाक आला, तो बापाचा. पोरगं सरळ पाठीनंच जन्माला येतंय." मग माझ्याकडे वळून ओरडले, "ए बीएस्सी, ताठ बस!"

तेव्हापासून ते मला बीएस्सी याच नावाने हाक मारतात. आज मी शाळेत विज्ञान शिकवतो. बाक धरून बसलेलं पोर दिसलं की माझ्या तोंडून तेच दोन शब्द निघतात.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माझी धाकटी बहीण रेखा आणि थोरल्या मामाचा सागर यांचं लग्न ठरत होतं. आमच्या भागात मामाच्या घरी मुलगी देणं यात नवल नाही, उलट आनंदच. आईला तर भावाचं दार पुन्हा आपलं झाल्यासारखं वाटत होतं. रेखा आणि सागरचं एकमेकांवर मन होतंच. अडचण एकच होती आणि ती फक्त मला दिसत होती. आमचा धाकटा मामा, आईचा आणि थोरल्या मामाचा सख्खा भाऊ, जन्मापासून बहिरा आहे. सदलग्यात त्याचं सायकलचं दुकान आहे. ती गप बसलेली चिठ्ठी आई आणि थोरला मामा या दोघांमधून रेखा आणि सागरपर्यंत आली असेल का, हा प्रश्न माझी झोप उडवत होता.

पण आईसमोर हे बोलायची माझी हिंमत नव्हती. बी.एस्सी. मी झालो होतो, तोंड उघडायला मात्र आप्पा लागत होते. सुपारी फोडायच्या दिवशी मी त्यांना बोलावलं.

"दादा, तू त्यास्नी बोलावलंस?" रेखा म्हणाली. "त्यांनी आतापतूर दोन लग्नं मोडल्यात, ठाऊक हाय न्हवं तुला?"

"माझ्या भावाचं घर हाय ते," आई म्हणाली. "त्या माणसानं घराण्याचा कागद पसरला की सुपारी तशीच राहती. आज माझं माहेर तुटलं तर तुझं तोंड बघणार न्हाय मी."

तोवर आप्पा कॅलेंडरचा जुना कागद घेऊन दारात उभे होते.

थोरला मामा, सागर आणि पेढ्यांचा पुडा मांडीवर घेतलेला धाकटा मामा सतरंजीवर बसले होते. आप्पांनी कागद पालथा घातला आणि पेन्सिलने आमचं घराणं काढायला घेतलं. पुरुष चौकोन, बाया गोल. पणजोबांपासून एकेकाची चौकशी झाली. ज्याच्यात दडलेली चिठ्ठी बोलली त्याचा आकार ते पेन्सिलने काळा करत. धाकट्या मामाचा चौकोन त्यांनी गडद काळा केला. सागर आणि रेखामध्ये दोन रेघा ओढल्या, कारण नात्यातल्या लग्नाची खूण तीच. रेखाने डोळ्याला पदर लावला.

"सांगा, आप्पा," थोरला मामा म्हणाला. "व्हय का न्हाय, एकदाच सांगून टाका."

आप्पांनी पेन्सिल वर उचलली आणि त्याच वेळी कस्तुरी रेखाचा ब्लाऊज घेऊन आत आली.

सगळे का गप्प आहेत ते तिला कळेना. तिने कागद पाहिला. आप्पांचे कागद तिने वर्षानुवर्षं पाहिले होते, पण कधी कुणी तिला ते समजावले नव्हते. त्या काळ्या चौकोनावर तिने बोट ठेवलं, मग धाकट्या मामाकडे बघितलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. तिचं बोट दोन रेघांवर आलं आणि थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गल्लीतल्या प्रत्येक घराचा कागद आप्पांकडे आहे, फक्त त्यांच्या घराचा नाही. सुशीलाआक्का आप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी होत्या.

कस्तुरीने हातांनी वडिलांना काहीतरी विचारलं. लांबलचक विचारलं. मला त्यातलं शेवटचंच कळलं. ती स्वतःकडे बोट दाखवून रिकामी ओंजळ उघडत होती.

आप्पांनी पेन्सिल बाजूला ठेवली. त्यांनी हातांनीच उत्तर दिलं. तीन बोटं दाखवली, मग तो हात झटकला, मग दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसली. इतकी हसली की धाकटा मामाही काही न कळता तिच्याबरोबर हसायला लागला आणि त्याने पेढ्यांचा पुडा फोडला.

"सुपारी फोडायच्या आधीच पेढं?" थोरला मामा दचकून म्हणाला.

मी आप्पांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आक्का," ते आईला म्हणाले, "व्हय-न्हाय सांगणारा मी कोण? मला ठाऊक हाय तेवढं सांगतो. ही चिठ्ठी दोघांच्यातबी दडलेली असंल, तरच चारातल्या एका पोराला. एकाजवळच असली तर काय भ्यायचं कारण न्हाय. बेळगावला रक्त तपासत्यात. आधी तपासा, डॉक्टरला इचारा आणि मग ही दोघं ठरवतील ते करा. चारातलं एक आलं, तर ते ह्या घरचंच पोर आसंल. त्याला हातांनी बोलाय मी शिकवीन."

आईने पहिल्यांदाच आप्पांना दोनदा चहा दिला.

रक्त तपासायला आम्ही सगळे बेळगावला गेलो. महिन्याने निकाल आला. चिठ्ठी सागरजवळ होती, रेखाजवळ नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि लग्न झालं. पण मला सांगायचं आहे ते निकालाचं नाही. रक्त दिलं त्या दिवशी परतीच्या बसमध्ये जे झालं ते.

आप्पा आमच्याबरोबर आले होते. कापड खरेदीसाठी कस्तुरीही आली होती. संकेश्वरच्या अलीकडे ती वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मागच्या सीटवरून मी हळूच विचारलं, "आप्पा, सुपारीच्या दिवशी ती काय विचारत होती?"

ते खिडकीबाहेर उसाकडे बघत बोलले.

"इचारत हुती, तुझ्या लग्नाआधी कुणी असा कागद काढला असता, तर मी कुठं असते?"

"मग?"

"मग काय! म्हटलं, काढलाता की. दवाखान्याच्या डॉक्टरनं सांगिटलं, शाळंच्या मास्तरानं सांगिटलं, थोरला भाऊ तर चार दिवस बोलत नव्हता. तिघांनी चांगलं समजावलंतं. मी मानलं न्हाय." त्यांनी खांदा न हलवता मान जरा माझ्याकडे वळवली. "आणि तिला म्हटलं, उद्या ती तिघं परत दारात आली, तरी मी मानणार न्हाय. मला हीच पायजे."

बस खड्ड्यातून गेली. आप्पांनी कस्तुरीचं घसरलेलं डोकं तळहाताने सावरलं.

"गल्लीत बोलू नगंस हे, बीएस्सी," ते म्हणाले. "मी काढलेला कागद मग कोण मानंल?"

"न्हाय सांगत," मी म्हणालो.